डावीकडचा पेला

पहिला घोट घेतला आणि उत्तरेश्वरची खात्री पटली, हा तरोटा आहे.

पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला जो माजतो आणि ज्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, तोच तरोटा. त्याच्या बिया काळ्या भाजून, कुटून, गूळ घालून उकळल्या की गरिबाघरी त्याला कॉफी म्हणत. पण समोर बसले होते सुंदरराव, चारशे बिघ्यांचे मालक. त्यांनी चांदीचे दोन पेले मांडले होते. एकात म्हणे खास मागवलेली म्हैसूरची कॉफी, दुसऱ्यात हैदराबादच्या बाजारातली. म्हैसूरची कोणती ते ओळखायचं. ओळखणाऱ्याला कारभाऱ्याची जागा.

उत्तरेश्वरने उजवीकडच्या पेल्यातून घोट घेतला. तोही तरोटाच.

"घाई करू नको बे," सुंदरराव म्हणाले. "ही काय बाजरीची भाकर न्हाई. हिला जीभ लागती. ह्या मुलखात तशी जीभ एकालाच हाय." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसता मिशीवरून हात फिरवला.

मग त्यांनी डाव्या पेल्याशी नाक नेलं, डोळे मिटले आणि कॉफीवर बोलायला सुरुवात केली. बुंद, म्हणजे कॉफीचा कच्चा दाणा, घ्यावा तर मोठा, चपटा, पांढुरका. बारका गोल दाणा हाती आला की फेकून द्यावा. भाजावा तर कोळशासारखा. आणि वर्षाचा एकदाच भाजून, कुटून डब्यात भरावा, म्हणजे मुरतो.

उत्तरेश्वर मान हलवत राहिला. सहा वर्षं तो रेल्वेच्या कामावर एका मद्राशी इंजिनियरचा कारकून होता. त्या इंजिनियरला पूल पडला तरी चाललं असतं, पण सकाळी मांडी घालून, बायका तांदूळ निवडतात तसे तो बुंदाचे दाणे निवडी. बारका गोल दाणा जपून बाजूला काढायचा, कारण सगळा स्वाद त्यातच. मूठभरच भाजायचा. तडतडला की उतरवायचा, लगेच दळायचा आणि भोकाच्या पितळी भांड्यातून थेंब थेंब गाळायचा. सहा वर्षं ती कॉफी प्यायलेल्या उत्तरेश्वरने समोरच्या मिशीकडे पाहिलं. चारशे बिघे, दोन चांदीचे पेले, आणि तोंडात जीभ म्हणून चामड्याचा तुकडा.

पण इंजिनियरची बदली होऊन आठ महिने झाले होते. उत्तरेश्वरची बायको, सुभद्राबाई, परळीला भावाकडे होती. तिची भावजय आता भाकरी वाढताना हात आखडू लागली होती. इथं मात्र कोर्टकचेरी उर्दूत चाले, म्हणून उर्दू लिहिणारा, कचेरीत उभा राहणारा माणूस हवा होता, आणि उत्तरेश्वरला उर्दू येत होतं. जागा मिळाली तर सुभद्राबाई याच आठवड्यात परत येणार होती. खरं सांगितलं तर मालकाची जीभ उकिरड्याची ठरणार होती, आणि ती ठरवणाऱ्याला कोणी कामावर ठेवत नाही.

उत्तरेश्वरने डोळे मिटले. मालकांनी मिटले होते, तेवढाच वेळ.

"डावीकडची म्हैसूर," तो म्हणाला. "काय सुवास आहे, मालक! घरभर पुरेल."

"आन दुसरी?"

"ती बाजारू. घशाला लागते."

सुंदररावांनी स्वयंपाकीणबाईंना हाक मारली. "बायनाबाई, हे दोन्ही मोरीत ओता. आन आता कॉफी आना."

माजघरातून वास आला तो पेल्याच्या आधी. उत्तरेश्वरने तो ओळखला. बारका गोल दाणा, आत्ताच भाजलेला, आत्ताच दळलेला. 

"दोन्ही तरोटा होता," सुंदरराव म्हणाले. "तुला पयल्या घोटालाच कळलं. मी चपटा दाना भारी म्हनलो तवा नाक मुरडलंस. माझ्याकडं कसा बघत होतास, ठाव हाय? येड्याकडं बघावं तसा."

"मालक, तसं नाही..."

"तसंच बघितलंस. बघ की. माझं काय जातंय?" सुंदररावांनी स्वतःच्या पेल्यावर फुंकर घातली. "काल बद्रीनाथ आलता. त्यानं तोंडावर सांगितलं, तरोटा हाय म्हून. लई खरा मानूस. त्याला वाटंला लावला. परवा अर्जुनराव आलता. त्याला कायबी कळंना, नुसतं वा वा. असलं गाढव कचेरीत दुसऱ्या सवालाला फुटतं. मला दोघं बी नको. सगळं कळून खोटं बोलनारा पायजे. महिनाभर हुडकतोय, आज गावला."

पेला उत्तरेश्वरच्या हातात आला.

"आता ऐक. कपिलधारच्या वाटंला सहा बिघ्यांची पट्टी हाय. भामाबाईची. तिचा नवरा कसत होता, तो मेल्यावर ती कसती. गावातल्या लेकराला बी ठाव हाय. ती मला पायजे. उद्या कचेरीत मुन्सिफ, न्याय करनारा सायेब, तुला विचारंल, जमीन कोनाची. काय सांगशील?"

सकाळी त्याच वाटेवर एका बाईने विहिरीचा पोहरा ओढून उत्तरेश्वरला पाणी पाजलं होतं आणि सुंदररावांच्या घराची वाट दाखवली होती. ती भामाबाईच असावी, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने घोट घेतला. मद्राशाकडेसुद्धा इतकी चांगली कॉफी त्याला कधी मिळाली नव्हती.

"तुमची, मालक," उत्तरेश्वर म्हणाला, आणि त्याने कॉफीची तारीफ केली. या खेपेला ती अगदी मनापासून होती.