बिनधुराचा डिसेंबर

डिसेंबर अर्धा सरला तरी नलूताईंना एकदाही दम लागला नव्हता. दर हिवाळ्यात सोसायटीच्या फाटकापाशी रोज सकाळी पाचोळा पेटायचा, धूर थेट त्यांच्या खिडकीत यायचा आणि त्यांची धाप थांबायची नाही. यंदा औषध लागू पडलं असावं, असं त्यांना वाटत होतं.

त्या सकाळी कितीतरी वर्षांनी त्या थंडीत फिरायला खाली उतरल्या. झाडलोट करणारी कौसाबाई इमारतीमागच्या खड्ड्यात पाचोळा दाबून त्यावर शेणपाणी शिंपडत होती.

"अगं, यंदा शेकोटी नाही?"

"न्हाई ताई. मागल्या साली दम लागला तवा तुमाला रिक्षात मीच बसवलं. तुमची घालमेल बघितली, मग काडी लावायला हात होईना. आता याचं खत करते."

"आणि तुझी थंडी?"

"झाडून झालं की अंग तापतं," म्हणत कौसाबाई हसली, पण तिची बोटं काकडली होती.

नलूताई पुढे झाल्या. त्यांनी तिचे ओले, मातकट हात आपल्या तळव्यांत धरले आणि चांगली ऊब येईपर्यंत सोडले नाहीत.