तीन मिनिटांचा थांबा

"अहो, किनाऱ्याची पाटी मागे राहिली," बायको म्हणाली.

"मधेच थांबवली की इंजिन तापतं," निवृत्त चालकानं गंभीरपणे सांगितलं आणि तिसऱ्या गावातूनही गाडी पुढे काढली.

गाडी जावयाची, नवी कोरी. पण तीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवलेल्या माणसाशी इंजिनावरून वाद कोण घालणार?

खरी गोष्ट अशी की त्या तीस वर्षांत त्यानं समुद्र पाहिलाच नव्हता. रस्ता नावापुरता किनाऱ्याचा. जायचा टेकडीच्या आतल्या अंगानं. प्रत्येक गावात बस तीन मिनिटं थांबे. स्टँड गावाच्या अलीकडे, समुद्र गावाच्या पलीकडे. तीन मिनिटांत माणूस मुतारीपर्यंत जाऊन येतो, तेही रांग नसेल तर.

पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं होतं, "आज समुद्र कसा होता?" नव्या नवरीला 'ठाऊक नाही' असं सांगणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं पहिल्या गावाला चांदीसारखी वाळू देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला दीपगृह. एकदा हात सैल सुटल्यावर काय, तिसऱ्याला त्यानं उंटही दिले. त्यानं त्या किनाऱ्याचा जेवढा विकास केला, तेवढा कुठल्याही सरकारला जमला नसता. बायको रोज ताट वाढताना ऐकायची. शंका म्हणून कधी काढली नाही.

आणि निवृत्तीनंतर तिनं एकच हट्ट धरला: एक दिवस, चारही गावं, मला दाखवा.

तीस वर्षांची पत एका दिवसात घालवायची त्याची तयारी नव्हती. पहिल्या गावात तो स्टँडवर थांबला, तीन मिनिटं झाल्यावर घड्याळ पाहून निघाला. दुसऱ्यात भरतीची सबब सांगितली. तिसऱ्यात इंजिन. आता चौथं, म्हणजे शेवटचं.

तिथं स्टँडवर गाडी उभी करताच एक म्हातारी ओळखीचा चालक पाहून पिशवीसकट मागच्या सीटवर बसली. ही बस नव्हे, हे तिला पटवून उतरवेपर्यंत बायको चपला हातात घेऊन चालूही लागली होती.

"मी निघाले," ती मागे न बघता म्हणाली. "तुम्ही येताय, की गाडीला उशीर होतोय?"

तो मागोमाग धावला. ती बाजारातून डावीकडे वळली, शाळेमागून उजवीकडे. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं मनाचा हिय्या केला.

"अगं, थांब. मी तुला आजवर जे सांगत आलो ना, ते..."

"उंट नाहीत," बायको म्हणाली. "दीपगृहही नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दादाबरोबर येऊन चारही गावं बघून गेले होते मी."

"मग रोज विचारायचीस कशाला?"

"दिवसभर स्टिअरिंग धरून मान आखडलेला माणूस तेवढ्यापुरता हसायचा."

"आणि आज? तुझं सगळं बघून झालंय, तर आज हा हट्ट कशाला?"

"तुमचं कुठं झालंय?" ती म्हणाली, आणि त्याच्या समोरून बाजूला झाली.