फलकावरचा उलटा क्रम

“हे चुकलंय,” मोरेश्वररावांनी काचेवर बोट टेकवलं. “क्रम उलटा लावलाय.”

शर्वाणीने डोळे मिटून घेतले. वडिलांना जरा घराबाहेर काढावं म्हणून तिने हॉस्पिटलातून सुट्टी घेतली होती आणि आयर्लंडमधल्या गॉलवेपासून तासाभरावरच्या या गावात त्यांना आणलं होतं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गावच्या एका जुन्या माणसाचं प्रदर्शन होतं. मार्टिन कनीली. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेला. तिथे वकील, आमदार आणि न्यायाधीश झालेला. निवृत्त जिल्हा न्यायाधीशाला दाखवायला याहून बरं काय मिळणार? तर बाबांनी दोन मिनिटांत खोट काढली.

घरी राहिले असते तर फोनकडे न बघण्याचं काम करत बसले असते. ते काम त्यांना आठवडाभर पुरलं होतं. गिरिजा नावाच्या बाईचे तीन मेसेज आले होते. तिच्या वडिलांना, मुरलीधरला, मोरेश्वररावांनीच खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली होती. त्याला बावीस वर्षं झाली. सुटकेचा एक अर्ज फेटाळला गेला होता, दुसरा सोमवारी समितीपुढे येणार होता. गिरिजाचं मागणं एवढंच होतं: साहेबांना त्या खटल्याबद्दल जे वाटतं, ते खरं खरं दोन ओळींत लिहून द्यावं. मग ते आमच्या विरुद्ध असलं तरी चालेल.

“न्यायाधीश निकालपत्रातून बोलतो,” येताना गाडीत ते म्हणाले होते. “त्यानंतर त्याचं तोंड बंद.”

“आमच्याकडे चूक झाली तर पेशंटच्या घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं, बाबा. वर चहाही पाजावा लागतो.”

“चूक झाली असेल तर,” ते म्हणाले, आणि उरलेला रस्ताभर मेंढ्या बघत राहिले.

प्रदर्शन सांभाळणाऱ्या नोराबाई सत्तरीच्या होत्या. मोरेश्वररावांनी त्यांना जवळ बोलावलं. आवाज कोर्टातला, शिरस्तेदाराला सुनवायचा.

“मॅडम, माणूस आधी वकिली करतो, मग निवडून येतो, शेवटी न्यायाधीश होतो. तुमच्या फलकावर आधी न्यायाधीश आहे, मग आमदार, मग वकील. दुरुस्त करून घ्या.”

“सगळे हेच सांगतात,” नोराबाई मजेत म्हणाल्या. “पण फलक अगदी ग्रँड, बरोबर आहे. युअर मॅन खालीच उतरत गेला.”

इथे कुणाही तिऱ्हाईताला ‘युअर मॅन’, तुमचा माणूस, म्हणतात. इतक्या वर्षांनंतरही शर्वाणीला ते ऐकलं की वाटे, झालं, पडला हा आपल्या गळ्यात.

“खाली म्हणजे?” मोरेश्वररावांनी विचारलं.

“तरुणपणी वकिली केली होतीच. ती आम्ही लिहिली नाही. ती काय, सगळेच करतात. पस्तिसाव्या वर्षी न्यायाधीश झाला. एका लोहाराला आग लावल्याबद्दल जन्मभराची कैद सुनावली. साक्षीदार एकच होता. त्याच्यावर विश्वास ठेवा, असं ज्युरीला यानेच सांगितलं होतं. पुढे याची झोप उडाली. पण लागलेला निकाल पुन्हा उघडायला तिथे कायदाच नव्हता.”

“मग संपलं,” मोरेश्वरराव म्हणाले.

“मग याने खुर्ची सोडली. निवडणुकीला उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. निवडून आल्यावर तो कायदा करून घ्यायला सहा वर्षं लागली. कायदा झाला, तर लोहाराचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नाही. मग यानेच घेतलं. त्याच कोर्टात, खाली, वकिलांच्या बाकावर. वर याच्या खुर्चीत याच्याच हाताखाली शिकलेला माणूस.”

“काय बोलला तो?”

नोराबाईंनी शेजारच्या काचपेटीकडे हात केला. आत पिवळ्या पडलेल्या कागदाचं एकच पान होतं. मोरेश्वररावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला लागेल इतके वाकले. ओठ हलत होते.

‘माझा अशील निर्दोष आहे. दोष त्या न्यायाधीशाचा आहे, आणि तो न्यायाधीश मी आहे.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग काचेवरचा हात काढून घेतला, कोटाचं बटण लावलं आणि सरळ उभे राहिले. साहेब आत आले की अख्खं कोर्ट उभं राहतं, तसे. तीस वर्षं लोक त्यांच्यासाठी असे उभे राहिले होते. ते स्वतः कुणासाठी असे उभे राहिलेले शर्वाणीने कधी पाहिले नव्हते. तिच्याही नकळत तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि शेजारी उभी राहिली.



“सुटला का लोहार?” तिने विचारलं.

“सुटला,” नोराबाई म्हणाल्या. “नऊ महिने जगला.”

“नऊ महिने,” मोरेश्वरराव पुटपुटले. मग पुन्हा खोट काढल्यासारखे म्हणाले, “उशीर केला तुमच्या माणसाने.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि शर्वाणीकडे दिला.  तिने न विचारता नंबर लावला. तिकडे भारतात दुपारचे साडेचार वाजले असतील. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

“हॅलो? साहेब?”

शर्वाणीने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“लिहून घ्या, गिरिजाबाई,” ते म्हणाले. “तुमच्या वडिलांच्या खटल्यातला तो साक्षीदार खोटं बोलतोय, असं मला निकाल लिहितानाच वाटत होतं. तरी मी तो लिहिला.”