उंबरा

तावदानं खडखडली, पण विनताने तव्यावरून नजर काढली नाही. फॅक्टरीच्या रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी असली की अधारतालमधली घरं अशी हादरायचीच. नवे भाडेकरू पहिल्या दिवशी अंगणात पळत येतात. आठवडाभरात तेही हातातला चहा खाली ठेवत नाहीत.

"सहा पोळ्या पुरतील?" तिने भिंतीला विचारलं. पोरगा आल्हाद परदेशी गेल्यापासून ती नवऱ्याशी सरळ बोलत नव्हती.

"आठ दे," गुणवंतराव म्हणाले.

"अच्युतरावांची बायको लेकीकडे पुण्याला काय गेली, भूकच वाढली त्यांची! आणि साठी उलटली तरी कढीपत्ता वेचून झाकणाला चिकटवून पाठवतात. लहान पोरासारखे!"

गुणवंतराव चपला शोधायला गेले. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस कुठल्याच कामासाठी वेळेवर हलत नसे, पण अच्युतरावांचा डबा शहरातच दीक्षितपुऱ्यात पोचवायला मात्र रोज बाराच्या ठोक्याला स्कूटर काढायचा. विनताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मित्राच्या पोटाची एवढी काळजी, आणि पोटचा पोरगा तोफेच्या तोंडी दिला!

दिलाच की. आल्हाद इंग्रजीत एमए, इथे कोचिंग क्लासमध्ये बरा शिकवत होता. इथल्याच नेपियर टाउनमधल्या एका एजंटने त्याच्या डोक्यात दक्षिण कोरिया भरवलं. गाव कुठलं, तर उत्तरेच्या सीमेला लागून. काटेरी तारा, भूसुरुंग, दोन्हीकडे बंदुका रोखलेल्या. विनताने नकाशा बघितला आणि घर डोक्यावर घेतलं.

"इंग्रजी शिकवायला अख्ख्या जगात दुसरी जागा नाही उरली काय? काहून जाऊन राहिला तू मरायला?"

"अगं, लाखो लोक राहतात तिथे," आल्हाद म्हणाला.

"जाऊ दे त्याला," बापाने री ओढली.

निघायच्या दिवशी पोरगा पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले. "गेलास तर या घराचा उंबरा परत चढायचा नाही. जिवंत परत आलास तरी नाही." असं कुठली आई बोलते? ही बोलली. राग हा असाच मेला, तोंडातून निघताना खरा वाटतो. आल्हादही तिचाच मुलगा. बॅग उचलली आणि मागे न बघता गेला.

मग महिनाभराने ती एजंटशी भांडायला नेपियर टाउनला गेली, तर ऑफिसच्या जागी ब्यूटी पार्लर. शेजारचा दुकानदार म्हणाला, "वो लोग तो कब के भाग गए, दीदी." विनता भर रस्त्यात त्यांच्या सात पिढ्यांना शिव्या देत घरी आली. माझ्या पोराला तिकडे अडकवून हे पसार!

आणि गेल्या महिन्यात ती नागपूरला बहिणीकडे असताना, फोनवर बोलता बोलता त्याच्या मागे धडाम झालं. "सराव चालू आहे इथल्या सैन्याचा," आल्हाद म्हणाला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. जिने जन्मभर तोफांच्या आवाजात पोळ्या लाटल्या, ती एका धडामने आजारी पडली. आपल्या तोफा आपल्या असतात. त्या परक्या.

आज पोळ्या डब्यात भरतानाच फोन वाजला. तिथली शाळा सुटली की तो रोज याच वेळी करायचा.

"आई, जेवलीस?"

"माझं मरू दे. काल टीव्हीवर दाखवून राहिले होते, तिकडे ड्रोन घुसले म्हणून. तुझ्या शाळेत लपायला जागा तरी आहे का?"

"आहे ना, बंकर आहे. सब ठीक है. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"

"तोंड दाखव मला. व्हिडिओ लाव."

"किती वेळा सांगू? मिलिटरी एरिया आहे. व्हिडिओला बंदी आहे."

"आग लागो त्या बंदीला! आईला पोराचं तोंड बघायची बंदी? कोण मेले आहेत हे, नाव सांग मला त्यांचं!"

इकडे गुणवंतराव डबा हातात घेऊन दाराशी उभे, एक पाय चपलेत. विनताचा राग बोलता बोलताच विरला. तिला म्हणायचं होतं, ये रे परत. खड्ड्यात गेलं माझं बोलणं.

"आल्हाद," ती म्हणाली, "तो उंबरा..."

"काय, आई?"

फोनमध्ये धडाम झालं.

"घाबरू नको, सराव चालू..." आल्हाद घाईघाईने म्हणाला.

आणि विनताच्या डोक्यावरची तावदानं खडखडली.

ती तावदानांकडे बघत राहिली. मग डब्याकडे. मग, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत. गुणवंतरावांनी मान खाली घातली.

"तो डबा ठेवा खाली," ती म्हणाली आणि फोन तोंडाशी नेला. "आल्हाद, अच्युतकाकांना म्हणावं, स्कूटर द्या. उंबरा ओलांडून ये, आणि इथे माझ्यासमोर बसून गिळ."