दोन कोरड्या जागा

न्हाणीघरातल्या वर-खाली बसलेल्या फरशांवर सेलोम आजी दोनदा पडली होती. तिसऱ्यांदा पडली तर मुलगी तिला हे घर सोडायला लावून आपल्याकडे आक्रा शहरात नेणार होती.

टोगोहून आलेल्या कोसी मिस्त्रीने फरशा उखडून नव्याने बसवल्या. दुसऱ्या दिवशी त्याने एकेक फरशी नाण्याने वाजवून पाहिली. एकही पोकळ वाजली नाही.

"टोगोवाल्यांच्या हाताचं फार कौतुक ऐकलंय. दाखव बघू," आजी दारात येऊन म्हणाली.

"आजी, आता इथे नाचलात तरी पडायच्या नाहीत."

त्याने बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ मोरीच्या जाळीकडे निघालं, पण वाटेत पावलांएवढ्या दोन जागांना वळसा घालून गेलं. तिथे उंचवटा आहे का ते पाहायला त्याने उताराला आडवी लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध होता.

"झकास," आजी दारातून म्हणाली. "आता मी इथेच राहणार."

दोनपैकी मागच्या कोरड्या जागेवर पाणी पसरलं आणि आजीच्या दिशेने, एक पाऊल पुढे, तेवढीच नवी जागा कोरडी झाली.