खोळ

खडकावर आपटून फाटलेली रबरी बोट मेकॅनिकच्या शेडमध्ये आणून टाकली होती. बोट त्याच्या सख्ख्या भावाची. भाऊ तिच्यातच गेला. ऐन वेळी बोट का वळली नाही, एवढंच आता शोधायचं होतं.

इंजिनापाशी गेलेला हात कापडाला लागला. केबल घासून फुगवलेलं रबर झिजू नये म्हणून वहिनीने केबलवर चढवायला जाड कापडाची खोळ शिवून दिली होती. तीच गोळा होऊन, ज्या बिजागरीवर इंजिन वळवून बोट वळवतात, तिच्यात पाचरीसारखी रुतली होती. इंजिन वळणार कुठून!

दारात पावलं वाजली. त्याने घाईघाईने कापड उपसलं आणि खिशात कोंबलं.

"काही कळलं का, भावजी?"

"इंजिनानेच दगा दिला, वहिनी."

"आणि माझी खोळ? तिचा काही उपयोग झाला का?"

त्याने मान वर केली नाही. "केबलखालच्या रबराला साधा ओरखडासुद्धा नाही."

कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जरा सैलावला.

"तेवढंच समाधान. पोराच्या बोटीलाही तश्शीच शिवलीय, चांगली दुहेरी. आज सकाळी तीच लावून समुद्रात गेलाय."