मामीच्या बाजूची पत्रं

“आज किती?” दिग्दर्शकाने विचारलं.

“चोवीस. एकूण चारशे बारा.” पत्रवाल्याने गठ्ठा टेबलावर ठेवला.

टीव्ही मालिकेच्या कचेरीत आलेली पत्रं फोडून वाचायची, हे त्याचं काम. मालिका ज्यांवर बेतली होती, त्या सव्वीस पुस्तकांतली मामी जाडजूड आणि फटकळ; चोराला आधी पोटभर जेवू घालायची, मग पकडून द्यायची. मालिकेने तिला सडपातळ केलं, हातात पिस्तूल दिलं, आणि आता पुढच्या भागात जिन्यावरून ढकलून तिचा निकाल लावायचं ठरलं होतं. फोनवर संदेश धाडून वाचकांनी बोंब मारली, तेव्हा दिग्दर्शकाने अट घातली. शनिवारपर्यंत हाताने लिहिलेली पाचशे पत्रं आली, तर मामी जगेल. फोनवर काय, कुणीही बोटं आपटतो.

“एखादं वाचा बरं.”

पत्रवाल्याने वरचंच उचललं. एका निवृत्त नर्सचं होतं. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा या मामीनेच मला हसतं ठेवलं, तिला मारलंत तर तुमचं तोंड पाहणार नाही, असं तिने लिहिलं होतं.

दिग्दर्शकाने जांभई दिली. “हे पुस्तकवाले म्हणजे नाकावर माशी बसू देत नाहीत. पण लिहितात झकास.”

पत्रवाल्याने पत्र घडी घालून गठ्ठ्यात ठेवलं. तीन आठवडे धड झोप नव्हती, डोळे नुसते चुरचुरत होते. आई गेली त्या वर्षी मामीचं पहिलं पुस्तक त्याच्या हाती पडलं होतं. छापील बाईवर माणसाने एवढी माया करू नये हे त्यालाही कळत होतं, पण माया काय विचारून येते?

“दोन दिवस उरलेत. येतील एवढी?”

“टपालाचं काही सांगता येत नाही, साहेब.”

संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायलाही त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आत जेवणाच्या टेबलाशी सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. बायकोने चहाचा कप पुढे केला.

“किती राहिली?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

बायकोने उसासा टाकला, टेबल पुसून कोरडं केलं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

“सांग मग, आज मी कोण? विधुर बँकवाला की नववीतली मुलगी?”